जेवणानंतरचा जडपणा, फुगारा आणि जळजळ: घरगुती आयुर्वेदिक उपाय कोणत्या क्रमाने करावेत

पोट बिघडले की ठाण्यातल्या बहुतेक मराठी घरांत एक ठरलेला डबा उघडला जातो. त्यात ओवा असतो, हिंग्वाष्टक चूर्णाची बाटली असते, कुणा नातेवाइकाने सुचवलेल्या सूतशेखराच्या गोळ्या असतात आणि शेजारीच केमिस्टकडून आणलेले ॲसिडिटीचे पातळ औषधही असते. यांतले हाताला लागेल ते घेतले जाते आणि बरे वाटले नाही तर थोड्या वेळाने दुसरे. आयुर्वेदाच्या दृष्टीने ही पद्धत उलटी आहे, कारण ज्या चूर्णाने एकाचा फुगारा उतरतो त्याच चूर्णाने दुसऱ्याची जळजळ दुप्पट होऊ शकते. त्रास कोणता हे आधी ठरवायचे, मग जेवणाची वेळ आणि अन्न बदलायचे, आणि चूर्ण सर्वांत शेवटी घ्यायचे, असा क्रम या लेखात मांडला आहे.

सुरुवातीलाच वगळायच्या गोष्टी

छातीच्या मध्यभागी दाब येत असेल, सोबत घाम फुटत असेल, कळ डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात जात असेल किंवा दम लागत असेल, तर तो गॅस समजून ओवा चावत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका कित्येकदा नुसती मळमळ, अस्वस्थपणा आणि थकवा एवढ्याच रूपात येतो, म्हणून घरातल्या मोठ्यांनी ‘काही नाही, अपचन आहे’ असे म्हटले तरी एवढी खात्री आधी करून घ्यावी. डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, घास गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, डोळे पिवळे होणे, पोटाच्या उजव्या खालच्या भागात वाढत जाणारी कळ आणि ताप, शौच व वात दोन्ही बंद होऊन पोट ताठ होणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला पोटाचा त्रास, यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

पहिली पायरी: त्रासाची ओळख

आयुर्वेदात पचनाचे सगळे गणित जठराग्नीवर उभे आहे. अग्नी सम असेल तर खाल्लेले वेळेवर पचते. तो विषम, तीक्ष्ण किंवा मंद झाला की तक्रारी सुरू होतात. अर्धवट पचून राहिलेल्या अन्नरसाला आम म्हणतात. अजीर्णाचे जे मुख्य प्रकार सांगितले आहेत, ते ओळखायला कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही. ढेकर, भूक आणि पोटाची अवस्था यांकडे नीट लक्ष दिले तरी पुरते.

आमाजीर्णात कफाचा जोर असतो. अंग आणि पोट जड वाटते, तोंडाला पाणी सुटते, मळमळते, डोळ्यांखाली किंचित सूज जाणवते, आणि जे खाल्ले त्याच चवीचा ढेकर येतो. रात्री खाल्लेल्या पावभाजीची चव सकाळच्या ढेकरात तशीच येत असेल तर हे अजीर्ण आमाचे आहे असे समजावे. विदग्धाजीर्णात पित्त बिघडलेले असते. ढेकर आंबट किंवा धुरकट येतो, छातीत आणि घशात जळजळते, तहान लागते, घाम येतो, कधी गरगरते. विष्टब्धाजीर्ण वाताचे असते. पोट फुगते, टोचल्यासारखी कळ जागा बदलत राहते, वात सरत नाही, शौचास साफ होत नाही आणि अंगही दुखते. रसशेषाजीर्ण नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात ढेकर अगदी स्वच्छ असतो, पण अन्न नकोसे वाटते आणि छाती जड राहते.

सात दिवस मोबाइलमध्ये किंवा वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: काय आणि किती वाजता खाल्ले, त्रास किती वेळाने सुरू झाला, ढेकराची चव कशी होती, आणि शौच कशी झाली. यासोबत चहा किती वेळा झाला, सांधेदुखी किंवा डोकेदुखीची गोळी घेतली का, हेही लिहावे. रिकाम्या पोटी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि त्याचे खापर मात्र आदल्या दिवशीच्या मिसळीवर फुटते. तसेच जठरव्रणामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. हे दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे महिनोन्‌महिने टिकणाऱ्या जळजळीत तपासणी टाळून केवळ पथ्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरी पायरी: एक जेवण सोडणे

आमाजीर्णावर पहिला उपाय लंघन आहे, म्हणजे भूक लागेपर्यंत न खाणे किंवा अगदी हलके घेणे. आपल्याकडे संकष्टीला किंवा एकादशीला होतो तसा, तुपात परतलेल्या साबुदाणा खिचडीचा, वऱ्याच्या तांदळाचा आणि दाण्याच्या आमटीचा उपवास हे लंघन नव्हे. पोटाच्या दृष्टीने तो नेहमीच्या जेवणाहून जड पडतो. लंघनाच्या काळात कोमट पाणी घोट घोट घ्यावे. दोन ग्लास पाण्यात पाव चमचा सुंठ घालून ते एक ग्लास होईपर्यंत आटवून घेतले तर आमाच्या जडपणावर ते अधिक उपयोगी पडते, मात्र जळजळ असेल तर सुंठ टाळून साधे उकळून निववलेले पाणी घ्यावे.

पुन्हा कधी जेवायचे याचे उत्तर घड्याळापेक्षा शरीर चांगले देते. ढेकर स्वच्छ येणे, उत्साह वाटणे, शौच-लघवी सहज होणे, अंग हलके वाटणे, आणि भूक व तहान दोन्ही लागणे, ही आधीचे अन्न पचल्याची लक्षणे मानली आहेत. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणारे, गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि अशक्त वृद्ध यांनी जेवण सोडू नये. त्यांनी पेज किंवा मुगाचे कढण घ्यावे.

रसशेषाजीर्णाचा उपाय याहून वेगळा आहे. त्यात न जेवता थोडी झोप घेण्यास सांगितले आहे, आणि दिवसा झोपायला आयुर्वेदाने परवानगी दिल्याची जी थोडी उदाहरणे सापडतात त्यांत हे एक आहे.

तिसरी पायरी: रात्रीच्या जेवणाची वेळ

घोडबंदर रोडला राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. डबा दुपारी एकला होतो. संध्याकाळी सातच्या सुमारास गाडी पकडण्यापूर्वी किंवा ठाणे स्थानकाबाहेर बसच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी वडापाव आणि कटिंग होतो. त्यानंतर वाहतुकीच्या कोंडीतून घरी पोहोचून सव्वादहाला पोळी, उसळ, भात असे पूर्ण ताट वाढले जाते आणि सव्वाअकराला अंथरूण. वडापाव पचलेला नसताना त्यावर जेवण पडले. याला अध्यशन म्हणतात आणि सर्व अजीर्णांचे ते मोठे कारण सांगितले आहे. पुढे भरल्या पोटाने आडवे झाल्यावर जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढते, आणि पहाटे घशाशी आंबट पाणी येते. माझ्या मते ठाणे-नवी मुंबईतल्या पोटाच्या तक्रारींपैकी मोठा हिस्सा या एका तासाभराच्या घोळातून निघतो, आणि तो दुरुस्त न करता घेतलेले कोणतेही चूर्ण वाया जाते.

दुरुस्ती अशी करता येते. सकाळी डबा भरतानाच दुसरा, लहान डबा भरावा: दोन फुलके व दुधी किंवा पडवळाची भाजी, किंवा तांदळाची भाकरी आणि पालेभाजी, किंवा मऊसर मूगडाळ खिचडी. हा डबा कार्यालयातून निघण्यापूर्वी, सहा-साडेसहाला खावा. वडापावची जागा तो आपोआप घेतो. घरी आल्यावर सगळ्यांबरोबर ताटावर जरूर बसावे, कारण दिवसातून एकदाच कुटुंब एकत्र भेटते, पण ताटात मुगाचे कढण, पेज किंवा वाटीभर मऊ भात एवढेच असावे. जेवण आणि झोप यांत निदान दोन ते तीन तासांचे अंतर राहील असे पाहावे. ज्यांना रात्री आंबट पाणी वर येते त्यांनी डाव्या कुशीवर झोपावे आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन ती बाजू पंधरा-वीस सेंटीमीटर उचलावी. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते आणि उपयोग होत नाही.

ऐरोली, महापे, घणसोली या पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्यांनी मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी, संध्याकाळी उरकावे, मध्यरात्री हलके काहीतरी घ्यावे, आणि सकाळी घरी परतल्यावर भरपेट न्याहारी करून लगेच झोपणे टाळावे.

प्रमाणाविषयी चरकाचा दंडक सोपा आहे: जठराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी मोकळा ठेवावा. पाणी जेवताना मधून मधून घोटभर घ्यावे. जेवण झाल्यावर शतपावली करावी. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटे सावकाश फिरले तरी चालते, तलावपाळीला फेरी मारायला जमत असेल तर उत्तम.

चौथी पायरी: पेज आणि ताक

बिघडलेल्या पोटाला परत जेवणावर आणायचे तर पेजेसारखे दुसरे अन्न नाही. जुना तांदूळ घ्यावा. अर्धी वाटी तांदूळ कोरडाच, रंग न बदलता, हलका भाजावा, धुऊन सात वाट्या पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवावा. तांदळाच्या चौदा पट पाणी घालून शिजवल्यावर वरचे जे निवळ पाणी गाळून घेतात तो मंड. त्यात चिमूटभर सुंठ आणि सैंधव घालून पहिल्या दिवशी तेवढाच प्यावा. दुसऱ्या दिवशी शितांसह पातळ पेज घ्यावी, तिसऱ्या दिवशी मऊ भात, मेतकूट आणि तूप. कुकरच्या तीन शिट्यांत होणारा भात घोटून पेज केली तर ती चिकट होते. उघड्या भांड्यात शिजवण्याचा थोडा वेळ इथे द्यावाच.

ताकाविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत. दह्यात पाणी घालून मिक्सरला फिरवले की ताक झाले, अशी आपली समजूत असते. ग्रंथांत औषध म्हणून जे तक्र सांगितले आहे, त्यात ताज्या, गोड दह्यात चौथाई पाणी घालून रवीने घुसळतात. रवीला लोण्याचे कण चिकटू लागले, कडेला पिवळसर पांढरी कड जमली की लोणी पूर्ण काढून घ्यायचे. उरते ते हलके, किंचित तुरट द्रव. मिक्सर वापरला तरी लोणी काढणे सोडू नये, नाहीतर साय आणि लोणी यांसकटचे जड पेय पोटात जाते. प्यायच्या वेळी त्यात आणखी पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कणभर सैंधव घालावे. फुगारा असेल तर तुपात तळलेल्या हिंगाची चिमूट घालावी. दुपारच्या जेवणाच्या शेवटी एक वाटी पुरते. रात्री ताक किंवा दही घेऊ नये.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगावीशी वाटते. मे महिन्यात घामाने हैराण झालेले आपण थंडावा म्हणून ताक पितो, पण उन्हाळ्यात, तसेच दाह, चक्कर आणि रक्तपित्त (म्हणजे नाकातोंडातून किंवा शौचावाटे रक्त जाणे) असताना तक्र देऊ नये असे शास्त्रवचन आहे. उन्हाळ्यात ताक सोसत असेल तर ते सोडण्याची गरज नाही. जळजळ होणाऱ्यांनी आणि आंबट ढेकर येणाऱ्यांनी मात्र ते बंद ठेवून धन्याचे पाणी घ्यावे. ज्यांना दुधाने पोट बिघडते त्यांच्यापैकी अनेकांना ताक चालते, कारण विरजणात दुधातली शर्करा काहीशी कमी झालेली असते.

वाल, चवळी, राजमा, छोले यांनी फुगणाऱ्यांनी कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड आणावेत आणि फोडणीत हिंग, ओवा घालावा. गव्हाच्या पोळीने पोट फुगते असे नोंदींत दिसले तर दोन आठवडे तांदळाची भाकरी करून पाहावी. आगरी-कोळी घरांत ती रोजचीच आहे. शिकरण आणि फळांचे मिल्कशेक यांवर आयुर्वेदाची नापसंती आहे हे शिकरणप्रेमींना रुचणार नाही, तरी त्रास असेपर्यंत ते बाजूला ठेवावेत.

पाचवी पायरी: औषध, प्रकारानुसार

वाताच्या फुगाऱ्यावर हिंग्वाष्टक चूर्ण हे पहिले औषध. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही त्यातली आठ द्रव्ये. बहुतेक जण ते जेवणानंतर पाण्याबरोबर गिळतात, पण सांगितलेली रीत वेगळी आहे: पाव ते अर्धा चहाचा चमचा चूर्ण तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावे. दुपारी आणि रात्री, सात ते दहा दिवस घेऊन थांबावे. कळ येत असताना पोट शेकणे हाही शास्त्रोक्त उपाय आहे, कारण विष्टब्धाजीर्णावर स्वेदन सांगितले आहे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बेंबीभोवती ठेवावी आणि थोडा ओवा सैंधवाबरोबर चावून गरम पाणी प्यावे. ताप आणि उजव्या खालच्या बाजूची कळ असेल तर शेक देऊ नये.

भूकच लागत नसेल आणि जडपणा असेल तर जेवणाआधी आल्याचे दोन पातळ काप सैंधव लावून चावावेत. आल्याने मळमळ कमी होते याला आधुनिक अभ्यासांतही बऱ्यापैकी आधार आहे.

जळजळीच्या माणसाने वरचे काहीही घेऊ नये. त्याच्यासाठी धन्याचे हिम करावे: एक चमचा धने जाडसर कुटून सहा चमचे पाण्यात, याच प्रमाणात हवे तेवढे, रात्रभर मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात भिजवावेत, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यावे. मधुमेहींनी साखर वगळावी. अविपत्तिकर चूर्ण तीन ते पाच ग्रॅम जेवणापूर्वी पाण्याबरोबर घेतात. त्यात निशोत्तर असल्यामुळे शौच पातळ होते; मलावरोध असलेल्याला ते हवेच असते, पण ज्याचे पोट आधीच सैल आहे त्याने ते टाळावे. ज्येष्ठमधही पित्तावर देतात. मात्र ते फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी स्वतःहून घेऊ नये.

मलावरोधावर झोपताना कोमट पाण्याबरोबर तीन ते पाच ग्रॅम त्रिफळा चालते. पण पहाटेची ठरलेली लोकल गाठण्यासाठी शौचाची भावना दाबून घराबाहेर पडायचे आणि रात्री त्रिफळा घ्यायचे, याला अर्थ नाही. अडवू नयेत असे जे तेरा वेग सांगितले आहेत त्यांत हा वेग येतो. गजर वीस मिनिटे अलीकडे ओढावा, उठल्यावर कोमट पाणी प्यावे आणि घाई न करता बसावे. इसबगोल वापरायचे असेल तर भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे आणि थायरॉइड, मधुमेह वगैरेंच्या गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. एरंडेल ही नेहमीची गोष्ट करू नये. अचानक उठलेल्या पोटदुखीत आणि गर्भारपणात तर ते घेऊच नये.

आता त्या डब्यातल्या सूतशेखराविषयी. सूतशेखर आणि शंखवटी या दोन्हींत पारद-गंधकाची कज्जली, म्हणजे पारा आणि गंधक घोटून केलेली काळी पूड, आणि बचनाग ही विषारी मुळी असते. सूतशेखरात धोत्र्याचे बीही असते. वैद्याच्या हातात ही मोलाची औषधे आहेत, पण ‘मला लागू पडली, तूही घे’ असे सांगून शेजाऱ्याला द्यायची ती नव्हेत. लवणभास्कर चूर्णात मीठ भरपूर असल्यामुळे रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी ते टाळावे. सैंधव म्हणजेही शेवटी मीठच.

गर्भवती स्त्रियांनी त्रिफळा किंवा औषधी मात्रेत हिंग घेऊ नये. एक वर्षाखालील बाळाला मध आणि कोणतेही चूर्ण देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतले काहीच सुरू करू नये.

पावसाळ्यात आणि सणावारी

वर्षा ऋतूत अग्नी मुळातच दुबळा असतो, असे ऋतुचर्येत सांगितले आहे, आणि ठाण्यातला जुलै ज्याने पाहिला आहे त्याला ते पटवून द्यावे लागत नाही. या दिवसांत पाणी उकळून प्यावे, जुने धान्य वापरावे, कच्ची कोशिंबीर कमी करावी. उपवनला किंवा येऊरला भिजत जाऊन भजी खायचीच असतील तर त्या रात्रीचे जेवण पेजेवर भागवावे. गणपतीत मोदकावर तूप घेण्यामागे चवीइतकाच पचनाचाही विचार आहे. पण पाचवा मोदक हा तुपाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

खरेदी आणि वैद्य

सुंठ, ओवा, धने, हिरडा हे जांभळी नाक्याच्या बाजारातून अख्खे आणून घरी कुटावे. सुट्या पुडीत काय मिसळले आहे हे कळत नाही. हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचावा, कारण बांधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक घातलेला असतो आणि ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांना मैद्याचा हिंग बाधतो. तयार चूर्णावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची व मुदतीची तारीख आणि घटकांची यादी असायलाच हवी; नसेल तर ते घेऊ नये.

वेळ आणि अन्न बदलून, प्रकारानुसार औषध घेऊनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा औषध थांबवताच त्रास परत येतो असे दिसले, तर वैद्याकडे जावे. वैद्य बीएएमएस असून महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणीकृत आहे याची खात्री करावी. नवी मुंबईत नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाताना सात दिवसांच्या नोंदी, चालू असलेल्या सर्व ॲलोपॅथिक गोळ्यांची पाकिटे आणि आतापर्यंत घेतलेल्या चूर्णांच्या बाटल्या बरोबर न्याव्यात. वैद्याने पुडीतून औषध दिले तर त्यातल्या द्रव्यांची नावे कागदावर लिहून मागावीत, म्हणजे उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर काय घेतले होते ते त्यांना सांगता येते.